ॲझ्टेक रुइन्स: आटोपशीर, पण आत शिरून पाहता येणारे अवशेष

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तर भागात, ॲनिमस नदीकाठच्या ॲझ्टेक गावातील ‘ॲझ्टेक रुइन्स’ हे राष्ट्रीय स्मारक मेसा व्हर्दे किंवा चाको या तशाच प्राचीन अवशेषांच्या ठिकाणांइतके प्रसिद्ध नाही. तरीही प्युब्लो या तेथील मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी बांधलेली वास्तू आतून पाहायची असेल, तर मी याच ठिकाणाची शिफारस करीन. नावावरून मात्र फसू नये, कारण मेक्सिकोतील ॲझ्टेकांचा या बांधकामाशी काहीही संबंध नाही. गोऱ्या वसाहतकारांनी गैरसमजातून दिलेले नाव तसेच चिकटून राहिले आहे.

प्रवेशशुल्क नाही. सुमारे अर्ध्या मैलाची पायवाट बाराव्या शतकाच्या प्रारंभी उभारलेल्या, जवळपास 400 खोल्यांच्या वास्तूतून फिरवून आणते. पश्चिमेच्या बाहेरील भिंतीत बसवलेल्या गडद हिरव्या दगडांच्या आडव्या पट्ट्यापाशी अवश्य थांबावे. खरा आनंद मात्र एकापुढे एक असलेल्या अंधाऱ्या खोल्यांत आहे. दारे इतकी ठेंगणी आहेत की प्रत्येक उंबरठ्यावर कमरेत वाकावेच लागते, आणि वर पाहिले तर जाड तुळया, त्यांवर आडव्या बारीक काठ्या व वर मातीचा थर अशी मूळची छपरे काही खोल्यांत आजही शाबूत दिसतात. मराठवाड्यातील माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रचना निराळी समजावून सांगावी लागणार नाही. यातील बरेच लाकूड दूरच्या डोंगरांतून आणलेले आहे, आणि त्याकाळी ते वाहून आणायला ना चाक होते ना ओझ्याचे जनावर, हे लक्षात घेतले की तुळयांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

चौकातील मोठ्या ‘किव्हा’बद्दल, म्हणजे जमिनीत खोल उतरणाऱ्या वर्तुळाकार सभागृहाबद्दल, माझे मत काहीसे संमिश्र आहे. अर्ल मॉरिस या पुरातत्त्वज्ञाने 1921 मध्ये त्याचे उत्खनन केले आणि 1934 मध्ये त्याची पुनर्बांधणी केली. चार प्रचंड खांबांवर पेललेले छप्पर आणि आतील गारवा यांमुळे मूळ जागेच्या भव्यतेची कल्पना येते; परंतु भिंतींची उंची आणि छपराची घडण यांत मॉरिस यांच्या तर्काचाही वाटा आहे, आणि मूळ अवशेष कोठे संपतात व तर्क कोठे सुरू होतो हे नुसत्या नजरेने सहज ओळखता येत नाही. हा भेद जागेवरच ठळकपणे दाखवायला हवा होता. शिवाय आजच्या प्युब्लो समाजांसाठी ही पूर्वजांची पवित्र भूमी असल्याने आत आवाज बेताचाच ठेवावा आणि भिंतींवर चढणे किंवा टेकून बसणे टाळावे.

1987 पासून हे स्मारक चाकोसह जागतिक वारसा यादीत आहे. चाकोला जाताना शेवटच्या टप्प्यात कच्च्या, खडबडीत रस्त्याशी झुंजावे लागते. येथे मात्र थेट वाहनतळापर्यंत डांबरी रस्ता आहे. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींना पायवाटेचा काही भाग पाहता येतो, मात्र ठेंगण्या दारांच्या खोल्यांत जाता येत नाही. उन्हाळ्यात जाणार असाल, तर सकाळचीच वेळ निवडावी, कारण चौकात सावली जवळपास नाहीच.