सात महिने ग्राफीनओएसवर: फोन झकास, पण खिशात दोन लागतात

ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवरच बेतलेली, पण गुगलच्या सेवांशिवाय येणारी फोनची सिस्टीम. ती सध्या फक्त पिक्सेलवर चालते. गुगलपासून सुटायला गुगलचाच फोन घ्यायचा, हा विनोद मित्रांनी इतक्यांदा केलाय की आता मीच आधी करून टाकतो.

मी पिक्सेल ७ए सेकंडहँड घेतला. घेताना सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘ओईएम अनलॉकिंग’ (दुसरी सिस्टीम टाकू देणारं बटण) चालू होतंय का, ते विकणाऱ्यासमोरच बघा. परदेशातल्या एखाद्या सिम कंपनीला बांधलेल्या फोनमध्ये ते बटण राखाडीच राहतं आणि मग कुठलाच उपाय चालत नाही. बाकी इन्स्टॉल करणं अगदी सोपं: लॅपटॉपचा ब्राउझर, बरी केबल, अर्धा तास. शेवटी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा भाग, परत लॉक करायला विसरू नका. फोन सुरू होताना दर वेळी ‘ही मूळ सिस्टीम नाही’ अशी पिवळी सूचना दिसते, तिची सवय होते.

गुगल प्ले हवं तर टाकता येतं, पण इथे त्याला खास अधिकार नाहीत; इतर ॲपसारखंच तेही परवानगी मागतं. नकाशे, नोटिफिकेशन, पिक्सेलचा कॅमेरा, सगळं व्यवस्थित चालतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र साधी आहे. प्रत्येक ॲपचं इंटरनेट वेगळं बंद करता येतं. मराठी टायपिंगसाठी मला गुगलचा कीबोर्ड, जीबोर्डच लागतो, सोबत आलेल्या कीबोर्डवर माझा हात बसत नाही. तर जीबोर्ड टाकला आणि त्याचं नेट तोडलं. ‘namaskar’ लिहिलं की ‘नमस्कार’ अजूनही उमटतं. व्हॉट्सॲपलाही पूर्ण फोनबुक न देता निवडक नंबरच दिलेत. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर निम्मी मंडळी नुसते आकडे झालीत; उद्या पाणी येणार नाही हे कोण सांगतंय, ते मजकुराच्या तिरसटपणावरून ओळखतो.

एकदा फजिती झाली. १८ तास अनलॉक केला नाही तर फोन आपोआप रीस्टार्ट होतो, म्हणजे आतला डेटा पुन्हा कुलपात जातो. मी तापाने पडून होतो, फोन टेबलावर. साधे कॉल येत होते, पण पिन टाकेपर्यंत व्हॉट्सॲप जागंच होत नाही, आणि आई नेमकी व्हिडिओ कॉल करत बसलेली. शेवटी तिने शेजारच्या काकूंना दार वाजवायला पाठवलं. ती मुदत आता वाढवून ठेवलीय.

खरा घोळ पैशांचा. काही ॲप सुरू होताना गुगलच्या प्ले इंटेग्रिटी या तपासणी सेवेला विचारतात, हा फोन प्रमाणित आहे का? ग्राफीनओएसला गुगलचा शिक्का नाही, म्हणून उत्तर नकारार्थी येतं. माझ्या बँकेचं ॲप तिथेच थांबतं. गंमत म्हणजे २०२१ नंतर एकही अपडेट न मिळालेल्या माझ्या जुन्या फोनवर तेच ॲप खुशाल चालतं! शाखेत जाऊन विचारलं, तर ‘फोन बदलून बघा’ म्हणाले.

यूपीआय सिमला बांधलेलं असतं. म्हणून बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम जुन्या फोनमध्ये, आणि रोजचा दुसरा नंबर ई-सिम करून पिक्सेलमध्ये. जुन्या फोनचं नेट गेलं की त्याच्यावरून *९९# हा कोड डायल करणं उरतं. इंटरनेट लागत नाही, ५,००० रुपयांपर्यंत चालतं, पण क्यूआर स्कॅन होत नाही. चहाच्या टपरीवर समोरच्याचा नंबर विचारून मेनूतले आकडे दाबत उभं राहिलं, की मागची रांग खोकायला लागते. हल्ली पाकिटात पुन्हा सुट्टे पैसे ठेवतो. फोन टेकवून पैसे देणं तर गुगलच्या वॉलेटमधून इथे होतच नाही.

तुमच्या बँकेचं ॲप चालेल की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि एखाद्या अपडेटनंतर आज चालणारं उद्या अडूही शकतं. जुना फोन विकायची घाई करू नका. दोन महिने दोन्ही वापरा. नाहीच जमलं तर पिक्सेलवर मूळ अँड्रॉइड परत टाकता येतं, तेही ब्राउझरमधूनच; फक्त आतला डेटा पुसला जातो, तेवढा बॅकअप काढून ठेवा. मी अजून परत गेलेलो नाही. बायकोच्या फोनवर टाकू का म्हणून विचारलं होतं. तिने माझ्या फुगलेल्या खिशाकडे बघितलं आणि स्वतःचा फोन पर्समध्ये टाकला.