नवेगावबांधच्या काठचा मुक्काम: खोलीआधी महिना ठरवा

जाहिरातीत 'रेनफॉरेस्ट लेक रिसॉर्ट' असं लिहिलेलं असतं आणि शेजारी ऑगस्टमधला फोटो असतो: काठोकाठ भरलेला तलाव, मागे हिरवे डोंगर, खाली उतरलेले ढग. फोटो खरा आहे, शब्द चुकीचा आहे. गोंदिया जिल्ह्यातलं हे जंगल सदाहरित नाही, शुष्क पानगळीचं आहे. साग, ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू आणि मधे मधे बांबूची बेटं. वर्षाचा पाऊस १२०० मिलिमीटरच्या पुढे जातो, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. फेब्रुवारीत पानं झडू लागतात, मार्चमध्ये पळस पेटतो, मेमध्ये डोंगर तपकिरी आणि उघडे असतात. फोटोतलं हिरवं पाहायला मे महिन्यात आलेली मंडळी नाराज होऊन परततात, आणि त्यात जंगलाची काहीच चूक नसते.

तलावाचंही तसंच आहे. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. सात बहिणी म्हणतात त्या टेकड्यांच्या मधल्या खिंडी पार घालून बुजवल्या आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी अडवलं. बांधणाऱ्याला लोकांनी पुढे देव केलं. कोलासुर म्हणून त्यांचं ठाणं आजही तलावाकाठच्या टेकडीवर आहे. पण हे पाणी सहलीसाठी अडवलेलं नाही, धानासाठी अडवलेलं आहे. कोहळी हा इथला तलाव बांधणारा समाज. कोहळ्यांच्या तलावाला तीन अंगं असतात: पाणी अडवणारी पार, जादा पाणी वाहून जाणारा सलंग, आणि पाटाला पाणी सोडणारं तुडुम. जुन्या तुडुमाला एकाखाली एक भोकं आणि त्यांत लाकडी गुडद्या असत. पाणी खाली जाईल तसतशी खालची गुडदी काढायची. म्हणजे पातळी उतरत जाणं हे तलावाच्या बांधणीतच धरलेलं आहे.

'लेक व्ह्यू' खोलीचे जास्तीचे पैसे भरण्याआधी हे माहीत असायला हवं. पारीच्या बाजूला पाणी खोल असतं. मुक्कामाच्या जागा मात्र बहुतेक पसरट, उथळ काठाकडे असतात. उथळ बाजूला पातळी हातभर उतरली तरी पाणी कितीतरी मागे सरतं आणि मधे चिखलाचा, मग भेगाळलेल्या गाळाचा, मग गवताचा पट्टा तयार होतो. ऑक्टोबरमध्ये ज्या ओसरीतून पाण्यावरचा वारा लागतो, त्याच ओसरीतून मेमध्ये चरणाऱ्या म्हशी दिसतात. खोली सांगताना सरळ विचारा: 'या महिन्यात पाणी खोलीपासून किती दूर आहे? आजचा फोटो पाठवा.' आजचा फोटो पाठवणारा मॅनेजर बाकीच्या गोष्टीही खऱ्या सांगतो, असा आमचा अनुभव आहे.

ज्या खासगी रिसॉर्टवरून हे लिहीत आहोत त्याचं नाव देत नाही, कारण त्यातले दोष या भागात सगळीकडेच थोड्याफार फरकाने सापडतात. तिथे दोन प्रकारच्या खोल्या आहेत: कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराच्या कॉटेज आणि स्लॅबच्या नव्या खोल्या. नव्या खोल्या महाग आहेत. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मात्र कॉटेज घ्या. कवेलूंच्या फटींतून हवा खेळते आणि दोन्ही बाजूंना खिडक्या असल्याने ओल टिकत नाही. स्लॅबच्या खोलीला एकच सरकती काच आणि मागे आंधळी भिंत. तिथे ऑगस्टमध्ये चादर अंगाला चिकटते, धुतलेला टॉवेल दोन दिवस वाळत नाही आणि कपाट उघडलं की बुरशीचा वास येतो. खोली ताब्यात घेताना दोन गोष्टी बघायच्या. उशी उचलून गादीवर तळहात दहा सेकंद दाबून ठेवा. हाताला गार, दमट लागली तर गादी बदलून मागा, नुसती चादर नको. मग भिंतीचा खालचा दीड फूट बघा. पांढरा लोणा फुटला असेल किंवा रंगाचे पापुद्रे सुटले असतील तर ओल जमिनीतून वर चढते आहे, ती पंख्याने जाणार नाही. खोली बदला.

उन्हाळ्यात हिशोब उलटतो. पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की कवेलूंची कॉटेज दुपारी दोन ते पाच नकोशी होते, तेव्हा एसीची खोलीच घ्या. पण एसी आहे यावर थांबू नका, तो चालतो का ते विचारा. गावाकडच्या लाईनवर कृषिपंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, कॉम्प्रेसर उचलत नाही आणि आतून नुसता पंख्याचा वारा येतो. स्टॅबिलायझर खोलीगणिक आहे का, आणि जनरेटरवर एसी चालतात की फक्त दिवे-पंखे, हे दोन प्रश्न फोनवरच विचारून घ्या. इथे जनरेटरवर फक्त दिवे आणि पंखे होते, आणि ते आधी सांगितलं गेलं नाही. ही तक्रार खरी आहे.

पाणी बोअरचं आहे आणि त्यात लोह आहे. न्हाणीच्या फरशीवर तांबूस ओघळ दिसले तर ती घाण नव्हे, लोहाचा डाग आहे. आंघोळीला चालतं, पांढरे कपडे त्यात भिजवू नका. पिण्याचं पाणी आरओचं मिळतं.

मच्छरदाणीबाबत मात्र तडजोड नको. तलाव, बोड्या (लहान तळी) आणि धानाच्या बांध्या (खाचरं), सगळीकडे साचलेलं पाणी, आणि पूर्व विदर्भ हा मलेरियाचा जुना पट्टा. भिंतीत खोचायची औषधाची कुपी वीज गेली की बंद पडते, म्हणून पलंगाला चार खुंट्या आणि अखंड जाळी पाहिजे. ती गादीखाली चहूबाजूंनी खोचा. यात दुसराही फायदा आहे. मण्यार रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते तेव्हा चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. माणसं जास्त झाली म्हणून खाली गादी घालून द्या, असं सांगू नका. अधिकची खाट मागा. रात्री ओसरीतून बाहेर पडताना टॉर्च आणि बंद पायताण हवंच. काही झालं तर वेळ न घालवता गाडी काढायची. साकोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे.

जेवण ही या मुक्कामाची सगळ्यात चांगली बाजू आहे, फक्त ती मेनूकार्डात नाही. कार्डावर पनीर बटर मसाला आणि हक्का नूडल्स आहेत, आणि ते नागपुरात मिळतात त्यापेक्षा वाईट आहेत. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाया आसपासच्या गावांतल्या आहेत. त्यांना त्यांचं जेवण रांधू द्या. नव्या धानाचा भात, तुरीचं वरण, लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी, वरून भरपूर सांबार. (पश्चिमेकडून येणाऱ्यांसाठी: इथे सांबार म्हणजे कोथिंबीर.) पावसाच्या सुरुवातीला तरोट्याची कोवळी भाजी, पुढे बांबूचे वास्ते (कोवळे कोंब), आणि बाजारात आल्या तर सात्या. या रानातल्या अळंबीचा रस्सा खाल्ला की बटण मशरूम विसरायला होतं. मात्र सात्या बाजारातून ओळखीच्या बाईकडूनच आणलेल्या असाव्यात. रानात फिरताना स्वतः उपटून आणलेली अळंबी शिजवायला देऊ नका.

मासळीची ऑर्डर आदल्या संध्याकाळी द्यावी लागते, आणि त्याला कारण आहे. ढिवर मंडळी संध्याकाळी जाळी टाकतात आणि पहाटे उचलतात. सकाळच्या पहिल्या काही तासांत चांगला माल विकला जातो. दुपारी बारा वाजता 'फिश आहे का' विचारलं की 'आहे' असंच उत्तर येतं, पण ती बर्फातली, बाहेरून आलेली असते. ताजी ओळखायची खूण सोपी आहे: कल्ला उचलून आतला रंग बघा, लालभडक हवा, तपकिरी किंवा फिका असेल तर नको. डोळा फुगीर आणि स्वच्छ, आणि बोटाने दाबलं तर मांस परत वर आलं पाहिजे. रोहू आणि कतला मिळतातच, पण मरळ मिळाली तर तीच घ्या. काटे कमी, मांस घट्ट, रश्श्यात तुटत नाही. चार माणसांना सव्वा ते दीड किलो आख्खी मासळी लागते, कारण साफ केल्यावर जवळपास तिसरा हिस्सा जातो. वजन साफ करण्याआधीचं लावतात की नंतरचं, ते ठरवून घ्या. बिलावरचा वाद नेहमी तिथेच होतो. थंडीच्या तोंडावर गेलात तर शिंगाडे आणि कमळाच्या देठांची, म्हणजे ढेसाची भाजी जरूर मागा.

तलावात फिरायला नाव घ्यायची तर सकाळी सहा ते साडेआठ. नंतर ऊन चढतं, पक्षी मधल्या पाण्यात सरकतात, आणि दुपारनंतर वारा उठला की छोटी नाव हेलकावते. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, लहान मुलांना त्यांच्या मापाचं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं, त्याचा उपयोग नाही. बक्कल लावून, खांद्याला धरून वर ओढून बघा. इथे लहान मापाची पुरेशी नव्हती. ती येईपर्यंत थांबावं, मुलांना तसंच बसवू नये. नावाड्याला जाळ्यांपासून आणि पक्ष्यांच्या थव्यापासून लांब राहायला सांगा. फोटोसाठी थवा उठवायला लावणारे पाहुणे पक्ष्यांचंही नुकसान करतात आणि ढिवरांचंही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि वारकरी हे पाणपक्षी दिसतात. कमळपक्षी आणि हळदी-कुंकू बदकं बाराही महिने. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते, त्यापेक्षा जास्त ताकदीची नावेत हलते. सारस बघायचे असतील तर मात्र नवेगावात आशा धरू नका. ते गोंदियाजवळच्या परसवाडा, झिलमिली या तलावांकडे. रिसॉर्टची 'सारस टूर' विकत घेताना गाडी नेमकी कुठे जाणार ते विचारा.

सफारीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचं. २०१३ मध्ये नागझिऱ्यासह नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. नाव एक असलं तरी जंगलं दोन आहेत, मधून राष्ट्रीय महामार्ग जातो. तलावाकाठी राहून जवळची दारं म्हणजे बकी आणि जांभळी. पिटेझरी आणि चोरखमारा ही नागझिऱ्याची दारं, तिथे जायला महामार्ग ओलांडून पलीकडे जावं लागतं आणि पहाटे अंधारातच निघावं लागतं. बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावर होतं, ओळखपत्रावरच्या नावाने. जे ओळखपत्र बुकिंगला दिलं तेच मूळ सोबत हवं. रिसॉर्ट आपला आकार लावून हे काम करून देतो, पण नावातली चूक दारावर तुम्हालाच निस्तरावी लागते. आठवड्यातला एक दिवस सफारी बंद असते, म्हणून तारीख बघूनच खोली घ्या. वाघासाठीच येणार असाल तर ताडोबा गाठा. नागझिऱ्यात २०२३ मध्ये दोन आणि २०२४ मध्ये एक वाघीण ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणून सोडली, यावरूनच इथली गरज कळते. पण रानगवा, अस्वल, रानकुत्र्यांची टोळी आणि गाड्यांच्या रांगेशिवायचं शांत जंगल हवं असेल, तर ते इथे आहे.

आणि महिन्याचा पेच इथेच येतो. गाभा क्षेत्र पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, बंद असतं. जंगल फोटोसारखं हिरवं असतं तेव्हा आत जाता येत नाही, वन्यप्राणी सहज दिसतात तेव्हा हिरवं उरलेलं नसतं. दोन्ही जुळतात ते ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबर. तलाव भरलेला, डोंगर अजून हिरवे, हलका धान कापणीला आलेला, पहिली बदकं उतरलेली. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि रात्री झाडीपट्टीची नाटकं उभी राहतात. कुठल्या गावात आज नाटक आहे हे स्वयंपाकघरात विचारा, रिसेप्शनवर नाही. नाटक उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. शाल न्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची सफारी ठेवू नका.

नुसता पाऊस बघायचा असेल तर ऑगस्टही चांगला, आणि गर्दी नसल्याने दरात घासाघीस होते. दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नका, सतत ओल अंगावर येते. रोवणी उरकत आलेली असते, बांध्यांच्या धुऱ्यांवरून चालता येतं. पण परे, म्हणजे धानाची रोपं, नुकतेच लावलेले असतात, तेव्हा फोटोसाठी बांधीत उतरू नका.

नागपूरहून अंतर १४० किलोमीटरच्या आसपास: भंडारा, लाखनी, साकोली, कोहमारा, आणि कोहमाऱ्याहून उजवीकडे. साकोली ते कोहमारा हा रस्ता दोन्ही जंगलांना जोडणाऱ्या पट्ट्यातून जातो. अंधारात तिथे वेग कमी ठेवा. रेल्वेने यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं देवलगाव स्थानक जवळ, पण तिथे रिक्षा मिळेलच असं नाही, गाडी आधी सांगून ठेवा. पेट्रोल आणि रोख पैसे साकोलीतच घ्या. काठावर मोबाईलची रेंज येते-जाते आणि रेंज गेली की पैसे भरायचं यंत्रही थांबतं.

दोन रात्री, दोन माणसं, कॉटेज, एक नाव, एक सफारी: एवढ्यासाठी ही जागा पैशाला जागते. लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर मेमध्ये आणू नका. खोली मागताना पूर्वेकडे तोंड असलेली शेवटची कॉटेज मागा. ती जनरेटरपासून लांब आहे, आणि पहाटे साडेपाचला वारकरी पक्ष्यांचा कलकलाट तिथे आधी ऐकू येतो.