थर्माकोलची मधपेटी: अख्खा हिवाळा वापरल्यावर

शरदात वसाहत बसवल्यापासून वसंतात पहिला सुपर (मध साठवायची वरची कोठी) चढवेपर्यंतच्या वापरावर हे लिहिले आहे. पेटी दाट थर्माकोलची, दहा चौकटींची, लँगस्ट्रॉथ या प्रचलित मापाची, भिंत 40 मिलिमीटर. शेजारी त्याच मापाची लाकडी पेटी, फळी साधारण 20 मिलिमीटर. दोन्हींत मेलिफेरा, म्हणजे युरोपीय जातीच्या माशा.

निकाल आधीच सांगून टाकतो. पेटी चांगली आहे, पण तिच्या भरवशावर शरदातली कामे टाळणाऱ्याची वसाहत हिच्यातही मरेल. धडधाकट वसाहत नुसत्या थंडीने सहसा जात नाही. जाते ती उपासमारीने, ओलीने, नाहीतर वेळेवर न आवरलेल्या व्हॅरोआने, म्हणजे माशांवर जगणाऱ्या परजीवी माइटने. ओलीवर ही पेटी उत्तम उपाय, उपासमारीवर अर्धामुर्धा, आणि व्हॅरोआवर काडीचाही नाही.

थर्माकोलमधून उष्णता लाकडाच्या मानाने सुमारे साडेतीनपट सावकाश बाहेर जाते. म्हणजे 40 मिलिमीटरची ही भिंत 140 मिलिमीटर जाड फळीच्या तोडीची. बाहेर पारा 14 अंशांच्या आसपास उतरला की माशा गोळा धरू लागतात. कडेच्या माशा डोकी आत घालून दाटीने बसतात, आतल्या माशा पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब करतात. पिलावा (अंडी, अळ्या, कोष) असेल तर गाभ्यात 34-35 अंश राखावे लागतात, नसेल तर बऱ्याच कमी उबेवर भागते. कडेच्या थराला मात्र 10 अंशांच्या फार खाली जाऊन चालत नाही. माशी आखडते आणि गळून तळपाटावर पडते.

लाकडी पेटीत कडाक्याच्या थंडीत गोळा इतका आवळतो की त्याला आडवे सरकता येत नाही. वरचा मध संपतो आणि शेजारच्या चौकटीत भरलेला मध असताना वसाहत उपाशी मरते. अशी पेटी उघडली की लगेच ओळखू येते: रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या माशा, नुसती शेपटे बाहेर, आणि चार बोटांवर मेणाने बंद केलेला मध. थर्माकोलच्या पेटीत गोळा सैल राहतो, माशा बाजूच्या चौकटींपर्यंत पोहोचतात. या पेटीचा सगळ्यात मोठा फायदा हाच. लहान वसाहतीला, म्हणजे पाच-सहा चौकटींवर बसलेल्या माशांना, तो जास्त जाणवतो.

आता ओल. एक किलो मध माशांनी खाल्ला की त्यातून साधारण 650 मिलिलिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडते. लाकडी पेटीत सगळ्यात गार भाग बहुधा झाकण. वाफेचे तिथेच पाणी होते आणि थेंब थेट गोळ्यावर ठिबकतात. इथे झाकण जाड असल्याने ते गार पडत नाही. वाफ भिंतींवर धरते आणि खाली ओघळून जाते. झाकणाखाली पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा असेल तर हे डोळ्यांनी दिसते: गोळ्याच्या बरोबर वर काच पुसल्यासारखा स्वच्छ गोल, आणि कडेला चारही कोपऱ्यांत दव. गोळा कुठे आहे, मागे किती सरकला, हे पेटी न उघडता कळते. वरचे भोक उघडे ठेवण्याची लाकडी पेटीतली सवय मात्र इथे सोडावी, नाहीतर जाड झाकणाचा उपयोगच संपतो. जाळीचा तळ तेवढा मोकळा ठेवायचा, ओल त्यातून जाते.

जाळीखालचा सरकता ट्रे हा हिवाळ्यातला खरा वार्ताहर. आठ-दहा दिवस आत ठेवावा, मग ओढून बघावा. मेणाच्या भुकटीच्या सरळ रेघा पडतात. जितक्या रेघा तितक्या चौकटींमधल्या फटींत माशा. पांढरे साखरेसारखे खडे म्हणजे मध घट्ट झालाय आणि माशा तो टाकून देताहेत. तुटलेले पाय, कुरतडलेली धडे आणि काळ्या लेंड्या दिसल्या तर उंदीर आत आहे. लालसर तपकिरी चपटे ठिपके म्हणजे व्हॅरोआ, ते मोजायचे. ट्रे कायम आत ठेवला तर त्यावर बुरशी आणि मेणकिडा दोन्ही वाढतात.

वजनाबाबत हमखास फसगत होते. लाकडी पेटी उचलून अंदाज घ्यायची हाताला सवय असते, त्यामुळे ही पेटी भरलेली असूनही रिकामी वाटते आणि माणूस उगाच पाक घालत बसतो. टांगायचा वजनकाटा तळपाटाखाली अडकवून आधी एक बाजू बोटभर उचलावी, मग समोरची; दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे जवळपास पूर्ण वजन. रिकाम्या पेटीचे वजन आधीच झाकणावर लिहून ठेवावे. मोठी चौकट दोन्ही बाजूंनी भरली की तीत अडीच ते तीन किलो मध असतो, त्यावरून हिशेब मांडता येतो.

पाक शरदातच संपवायचा: दोन भाग साखर, एक भाग पाणी, वजनाने. दिवसाचे तापमान 10 अंशांखाली गेले की माशा पाक उचलत नाहीत, आणि उचलला तरी आटवायला ऊब कुठून आणणार? त्यानंतर साखरेचा घट्ट गोळा, म्हणजे फॉन्डंट, थेट माशांच्या डोक्यावर ठेवावा. गूळ किंवा ब्राऊन शुगर नको. त्यातले न पचणारे घटक पोटात साठतात, बाहेर उडता येत नाही, आणि चौकटींवर तपकिरी शिंतोडे उडतात.

व्हॅरोआवरचा ऑक्झॅलिक आम्लाचा डोस पिलावा नसतानाच लागू पडतो, कारण बंद घरांतल्या माइटपर्यंत ते पोहोचत नाही. ठिबक पद्धतीची प्रचलित मात्रा: एकास एक पाकाच्या एका लिटरमध्ये 35 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल (डायहायड्रेट), माशा असलेल्या दर फटीत 5 मिलिलिटर, एका वसाहतीला 50 मिलिलिटरच्या वर नाही, आणि हिवाळ्यात एकदाच. मान्यता असलेले औषध घेऊन त्याच्या लेबलप्रमाणेच वागावे. हातमोजे आणि चष्मा हवाच. उबदार पेटीत राणी लवकर अंडी घालायला लागू शकते, त्यामुळे हे काम लांबवू नये.

दोष बरेच आहेत. हाइव्ह टूल (पेटी उघडायची लोखंडी पट्टी) टेकवून कोठ्या सुट्या करताना कडा चुरते. प्रोपोलिसने, म्हणजे माशांच्या डिंकाने, चिकटलेली कोठी पिळून नव्हे, कोपऱ्यात टूल सपाट घालून हळू उचलावी. बाहेरून रंग लागतोच, नाहीतर उन्हाने पृष्ठभाग पिवळा पडून भुगा सुटतो. पण रंग पाण्यात मिसळणारा हवा, थिनरचा रंग थर्माकोल खाऊन टाकतो. पेटी हलकी, म्हणून पट्टा आणि वर वजन नसेल तर वारा झाकण नेतो. उंदीर भिंत कुरतडतो, सबब दारावर धातूची पट्टी, फट 8 मिलिमीटर उंच. मेणकिड्याच्या अळ्या भिंतीत बोगदे पाडतात. आणि सगळ्यात त्रासदायक गोष्ट: रोग झाला तर लाकडी पेटी ब्लोलॅम्पने आतून भाजता येते, ही नाही. धुण्याच्या सोड्याने घासत बसावे लागते.

फेब्रुवारी असो वा तुमच्याकडचा जो काही हिवाळ्याचा शेवट असेल तो, खरा धोका तेव्हाच. पिलावा वाढतो, गाभा 35 अंशांवर ठेवावा लागतो आणि मध भराभर संपतो. बाहेर अजून फुले नसतात. दर आठवड्याला काटा लावावा.

नवीन घेणाऱ्याने लहान वसाहतींसाठी ही पेटी जरूर घ्यावी. ज्यांच्याकडे चांगल्या लाकडी पेट्या आहेत त्यांनी त्या मोडीत काढायची गरज नाही. 50 मिलिमीटर जाडीचा थर्माकोलचा पत्रा आतल्या झाकणावर कडेला फट न ठेवता बसेल असा कापायचा, वरून बाहेरचे झाकण आणि एक वीट. निम्म्याहून जास्त काम तेवढ्यात होते.