गोडॉट ४ आणि मराठी मजकुराचा गेम : काही महिन्यांच्या वापरानंतर

सप्टेंबर २०२३मध्ये युनिटी या गेम बनवायच्या इंजिनाच्या कंपनीने इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं तेव्हा बरेच जण तिरमिरीत गोडॉट या मोफत इंजिनाकडे आले. वर्षभरात ते शुल्क मागेही घेतलं गेलं. त्यामुळे नुसत्या रागावर इंजिन बदलू नये. छोटा टू-डी गेम, तोही मराठी मजकुराचा, अँड्रॉइडवर काढायचा असेल तर मात्र गोडॉट घ्यावं. एमआयटी हा मुक्त परवाना आहे, कमाईतला हिस्सा द्यावा लागत नाही, आणि जुन्या लॅपटॉपवरही एडिटर उघडतो.

मराठीसाठी खरा फरक पडला तो चौथ्या आवृत्तीत. अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझ लायब्ररी आत आल्यामुळे जोडाक्षरं नीट जुळतात. तिसऱ्या आवृत्तीत वेलांट्या आणि रफार जागेवर बसत नसत. तरी फॉन्ट स्वतःचाच द्या. दिला नाही, तर इंजिन सिस्टिममधला फॉन्ट उचलतं. मग विंडोजवर एक रूप, फोनवर दुसरं, ओळींची उंची बदलते आणि बटणातला मजकूर बाहेर सांडतो. वेबवर तर सिस्टिम फॉन्ट मिळतच नाही, नुसते चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरी प्रोजेक्टमध्ये टाकून थीमचा डिफॉल्ट फॉन्ट करा, की हे मिटतं.

संवाद एकेक अक्षराने उमटवताना आणखी एक गंमत होते. ‘स्त्री’ आधी स, मग पाय मोडलेला स्, मग स्त अशी थरथरत उमटते, कारण लेबल (मजकूर दाखवणारा घटक) मूळ मजकूर आधी कापतं आणि उरलेला जुळवतं. ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर’मध्ये ‘आफ्टर शेपिंग’ निवडा. शब्दकोडं करणाऱ्यांनी लेंथवर, म्हणजे इंजिन मोजतं त्या युनिकोड चिन्हांच्या संख्येवर, विसंबू नये. ‘स्त्री’ची लेंथ ६ येते.

अँड्रॉइडचा पहिला बिल्ड अर्धा दिवस खातो. जेडीके १७ (जावाची साधनं), अँड्रॉइडची एसडीके आणि एडिटरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळणारे एक्स्पोर्ट टेम्प्लेट लागतात. प्रोजेक्ट सेटिंग्जमधलं ‘ईटीसी२ एएसटीसी’ (फोनसाठी चित्रं दाबून ठेवायची पद्धत) सुरू नसेल तर एक्स्पोर्ट अडतं. प्ले स्टोअरला एएबी प्रकारची फाइल हवी, म्हणजे ग्रेडल (अँड्रॉइडचं बांधणीचं साधन) बिल्डही सुरू करावा लागतो. सगळ्यात फसवी जागा म्हणजे इंटरनेटची परवानगी. रिमोट डीबग चालू ठेवून एडिटरमधून फोनवर गेम चालवला की ती आपोआप मिळते, रिलीजमध्ये मिळत नाही. त्यामुळे टेबलावर चाललेला लीडरबोर्ड स्टोअरवरून उतरवलेल्या गेममध्ये मुका होतो. परवानग्यांच्या यादीत ‘इंटरनेट’वर स्वतः खूण करा.

रेंडरर (चित्र पडद्यावर काढणारा भाग) ‘कम्पॅटिबिलिटी’च ठेवा. स्वस्त फोनवर तोच भरवशाचा, आणि वेबवर दुसरा चालतही नाही. वेब आवृत्ती काढायची असेल तर गोडॉटच्या स्वतःच्या जीडीस्क्रिप्ट भाषेतच लिहा. गोडॉट ४मध्ये सी-शार्प भाषेतल्या प्रोजेक्टचं वेब एक्स्पोर्ट अजून नाही. ४.४पासून स्क्रिप्टशेजारी .यूआयडी फाइली तयार होतात, त्या गिटमध्ये (कोडचे बदल जपणाऱ्या साधनात) जायला हव्यात; .गोडॉट फोल्डर जाऊ नये.

प्ले स्टोअरवर गेम टाकायला लागणाऱ्या प्ले कन्सोल खात्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे. नवं वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस बंद चाचणीत टिकवावे लागतात. हे गणित तारीख जाहीर करण्याआधीच मांडा, कारण मित्रमंडळी तिसऱ्या दिवशी गेम काढून टाकतात.

नोकरीच्या जाहिरातींत अजून युनिटी आणि अनरियलचीच मागणी जास्त दिसते. प्लेस्टेशनसारख्या गेम कन्सोलवर उतरायचं तर गोडॉटचं अधिकृत एक्स्पोर्ट नाही, बहुतेक वेळा बाहेरच्या कंपनीला पैसे मोजून पोर्ट करून घ्यावा लागतो.