ॲक्सोलॉटल आणि टिटिकाकाचा बेडूक

मेक्सिको सिटीतील सोचिमिल्कोच्या कालव्यांत राहणारा ॲक्सोलॉटल हा सॅलमँडर (सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी) आणि पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवर सुमारे ३,८०० मीटर उंचीवर असलेल्या टिटिकाका सरोवरातला बेडूक, हे दोघेही आयुष्यभर पाण्यातच राहतात. ते पाणी बिघडले की त्यांना दुसरा आसरा उरत नाही. ॲक्सोलॉटल प्रौढपणीही पिसांसारखे कल्ले टिकवतो. बेडकाची फुप्फुसे मात्र अगदी लहान असतात. तो सैल, चुण्या पडलेल्या कातडीतून प्राणवायू घेतो आणि तो कमी पडला तर अंग वरखाली हलवून कातडीभोवतीचे पाणी बदलत राहतो.

सोचिमिल्कोत बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे ॲक्सोलॉटलची अंडी व पिल्ले फस्त करतात. १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० असलेली त्याची संख्या २०१४ पर्यंत अवघ्या ३६ वर आली. बेडकाला सांडपाणी आणि शिकार नडते. २०१६ मध्ये टिटिकाकाला मिळणाऱ्या पेरूतील कोआटा नदीत हजारो बेडूक मेलेले आढळले.

प्रयोगशाळांत ॲक्सोलॉटल भरपूर आहेत, पण त्यावर समाधान मानणे मला घातक वाटते. माझ्या मते दोघांपैकी ॲक्सोलॉटलला वाचवण्याची निकड अधिक आहे आणि मासे आत येऊ नयेत म्हणून शेतकऱ्यांच्या मदतीने कालव्यांत गाळण्या बसवण्याचे तिथले काम सर्वांत आधी वाढवायला हवे.