पायोरिया असला तरी दातांना तारा बसल्या, जुळे सोलापूरच्या क्लिनिकचा अनुभव

हिरड्या खराब असल्या की तारा बसतच नाहीत असं आपल्याकडं सर्रास सांगतात, मलाही तेच ऐकवलं होतं. माझे वरचे पुढचे दात चाळिशीनंतर हळूहळू पुढं आले, मधे फट पडली आणि ब्रश करताना रक्त तर रोजचंच. कॉलेजच्या फोटोत हेच दात सरळ आहेत हो! हिरडीखालचं हाड झिजलं की दाताचा आधार जातो, मग नुसत्या जिभेच्या आणि चावण्याच्या जोरानंसुद्धा दात सरकतात, हे इथं कळलं.

याआधी शहरातल्या एका चकाचक ठिकाणी गेले होते, तिथं हिरड्यांकडं बघितलं पण नाही, आजच बुकिंग केलं तर डिस्काउंट म्हणे. इथं उलटं, पहिल्या दिवशी तारेचं नावच नाही. पूर्ण जबड्याचा एक्सरे काढला आणि हिरड्यांच्या मॅडमनी बारीक खुणांची सळई प्रत्येक दाताभोवती सहा-सहा जागी घालून आकडे बोलायला सुरुवात केली, असिस्टंट पोरगी लिहून घेत होती, तीन, दोन, तीन, पाच, सहा... तीन मिलिमीटरपर्यंत चालतं, चारपासून पुढं पॉकेट धरतात, म्हणजे हिरडी दातापासून सुटलीय. सहा ऐकून माझं तोंड उतरलं (उघडंच होतं म्हणा). शुगर पण तपासून आणायला लावली. शेजारच्या खुर्चीवरच्या मावशींना मिश्रीवरून जे झापलं ते सगळ्या क्लिनिकनं ऐकलं.

फाइलवर स्टेज चार लिहिलेलं बघून आमचे हे घाबरले, त्यांना वाटलं कॅन्सरचंच काहीतरी. तसं नाही, 2018 पासून हिरड्यांच्या आजाराच्या एक ते चार स्टेज करतात आणि दात असे फाकलेले-सरकलेले असले की बऱ्याचदा चौथ्यात जातं.

मग भूल देऊन एकेक बाजू हिरडीखालून खोल साफ केली आणि काही महिने नुसतं थांबवलं. तेव्हा वैताग आला होता, खरं सांगते. पण सूज असताना दात ओढला तर उरलंसुरलं हाडही जातं, आणि सूज आटोक्यात असली की कमी हाडावरसुद्धा दात हलवता येतात, फक्त जोर हलका ठेवावा लागतो. परत तीच सळई, आकडे खाली आले, रक्त थांबलं, तेव्हा कुठं तारेचे डॉक्टर पुढं आले. दाढांना रिंग न घालता चिकटवायच्या ट्यूब लावल्या आणि रंगीत रबराऐवजी बारीक स्टीलच्या तारेनं बांधलं, रबरावर घाण जास्त साचते म्हणून. गेलेलं हाड तारेनं भरून येणार नाही हेही तोंडावर सांगितलं, हे मला आवडलं.

खाण्याचे हाल मात्र झाले. कडक भाकरी आमटीत पार भिजवून खायची, आणि शेंगा चटणी ब्रॅकेटच्या (तार अडकवायला दातावर चिकटवलेल्या बारक्या तुकड्याच्या) कडेला अशी चिकटते की फटीतला छोटा ब्रश सारखा पर्समधे ठेवावा लागतो. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात इतक्या चुळा भरायच्या म्हणजे सासूबाईंची बोलणी आलीच.

तक्रारी पण आहेत. तारेचे डॉक्टर ठरलेल्या वारीच येतात, त्या दिवशी अपॉइंटमेंट असून तासभर बसवतात. पॅकेज सांगताना तारांचेच पैसे सांगितले, दर तीन महिन्यांची हिरड्यांची सफाई वेगळी लागते ते बिल हातात आल्यावर समजलं. फट मिटली तरी हिरडीपाशी दोन दातांमधे छोटा काळा त्रिकोण राहिलाय, असं होऊ शकतं हे आधीच सांगायला हवं होतं.

आता दातांच्या मागून बारीक तार कायमची चिकटवलीय, आधार कमी असल्यानं दात परत पळतात म्हणून. ती एकदा एका बाजूनं सुटली होती, फोन केला तर त्याच संध्याकाळी बसवून दिली आणि पैसेही घेतले नाहीत. जाणार असाल तर हिरड्यांच्या मॅडमची वेळ आधी घ्या आणि सफाईसकट सगळा खर्च कागदावर लिहून मागा, मागितला की देतात.