ईस्ट हार्लेमची यंग विमेन्स लीडरशिप स्कूल: न्यूयॉर्कमधील मराठी पालकांसाठी एक अभिप्राय

न्यूयॉर्कमध्ये मुलीसाठी माध्यमिक शाळा शोधणाऱ्या आपल्या पालकांच्या बोलण्यात ठरावीक नावेच फिरत राहतात: हंटर, स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स. ईस्ट हार्लेममधील ‘द यंग विमेन्स लीडरशिप स्कूल’चे नाव त्यांत क्वचितच ऐकू येते. ते यायला हवे असे मला मनापासून वाटते, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. ही शाळा शहराच्या सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेचा भाग आहे, त्यामुळे तेथे शुल्क नाही. ती केवळ मुलींसाठी आहे, आणि सहावी ते बारावी अशी सलग सात वर्षे मुलगी एकाच शाळेत राहू शकते. नववीच्या प्रवेशासाठी आठवीत होणारी धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या सलगतेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

शाळा 106 व्या रस्त्यावर, पार्क आणि लेक्सिंग्टन अव्हेन्यूच्या मध्ये, एका कार्यालयीन इमारतीत भरते. लेक्सिंग्टन मार्गावरील सहा क्रमांकाच्या गाडीने 103 व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरले की थोडेच चालावे लागते. आपल्या मनातील शाळा म्हणजे पटांगण, घंटा आणि लांब व्हरांडा. येथे तसे काही शोधू नये. गणवेश मात्र आहे.

या शाळेची मूळ कल्पना ॲन रुबेनस्टाइन टिश यांची. त्या पूर्वी एनबीसी वाहिनीच्या पत्रकार होत्या. मिलवॉकी येथील एका शाळेत, लहान वयात आई झालेल्या विद्यार्थिनींविषयी वार्तांकन करताना, ‘पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतेस?’ असे त्यांनी एका मुलीला विचारले आणि ती रडू लागली, ही आठवण त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. बाळाला सांभाळण्याची सोय करून देणे आवश्यक आहे, पण मुलीपुढे वेगळे भविष्य त्याआधीच ठेवता आले तर ते अधिक चांगले, हा विचार त्यातून पुढे आला आणि 1996 मध्ये ही शाळा सुरू झाली. ईस्ट हार्लेम ही पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांची जुनी वस्ती. शाळेतील बहुतेक मुली लॅटिनो आणि कृष्णवर्णीय घरांतील आहेत, आणि घरातून महाविद्यालयात जाणाऱ्या अनेकजणी पहिल्याच असतात.

शाळा उघडली तेव्हा तिचे सर्वत्र स्वागत झाले असे नाही. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणारी न्यूयॉर्कची संघटना आणि स्त्री-हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची स्थानिक शाखा यांनी 1996 मध्येच केंद्रीय शिक्षण खात्याकडे तक्रार केली. सार्वजनिक पैशाने चालणारी शाळा लिंगावरून प्रवेश कसा नाकारू शकते, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो गैरलागू म्हणता येणार नाही. ज्या स्टायव्हेसंटचे आपल्याकडे इतके कौतुक असते, तेथे 1969 पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता आणि तो मिळावा म्हणून एका विद्यार्थिनीला न्यायालयात जावे लागले होते. कृष्णवर्णीयांना वेगळ्या शाळांत ठेवण्यासाठी वापरल्या गेलेल्या ‘वेगळे पण समान’ या शब्दांनी अमेरिकेत किती अन्याय झाकला गेला, हे ज्यांनी भोगले होते त्यांना मुलींची वेगळी शाळा खटकणे स्वाभाविकच होते. पुढे काँग्रेसमध्ये डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन आणि रिपब्लिकन के बेली हचिसन यांनी अशा शाळांची बाजू एकत्रितपणे मांडली, आणि 2006 मध्ये केंद्रीय नियम शिथिल झाले: प्रवेश ऐच्छिक असावा आणि दुसऱ्या लिंगाच्या विद्यार्थ्यांनाही तोलामोलाची संधी उपलब्ध असावी, या अटींवर सार्वजनिक शाळा एकाच लिंगासाठी चालवता येऊ लागली. शाळा या साऱ्या काळात सुरूच राहिली.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. मुलींना मुलांपासून वेगळे शिकवल्याने त्यांचे गणित सुधारते किंवा त्या अधिक धीट होतात, असे पालकांना सांगितले जाते. याबाबत सावध राहावे, असे माझे मत आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात 21 देशांमधील 184 अभ्यास आणि सुमारे सोळा लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र तपासली गेली; काटेकोर पद्धतीने केलेल्या अभ्यासांपुरते पाहिले, तर केवळ मुलींची शाळा असल्यामुळे होणारा लाभ नगण्य होता किंवा दिसलाच नाही. म्हणून, ‘मुलींची शाळा’ एवढ्याच कारणाने ही शाळा निवडू नये. मुलींच्या शाळेत एक गोष्ट मात्र आपोआप घडते, आणि तिचे मोजमाप गुणपत्रिकेत होत नाही: प्रयोगशाळेत उपकरण हाताळणारी, वादसभेत उलट प्रश्न विचारणारी, विद्यार्थी-मंडळाची अध्यक्ष होणारी आणि निवडणूक हरूनही पुन्हा उभी राहणारी, अशी प्रत्येकजण तेथे मुलगीच असते. नेतृत्व हा शब्द शाळेच्या नावात आहे, पण त्याचा खरा सराव या रोजच्या जबाबदाऱ्यांमध्ये होतो, व्यासपीठावरील भाषणात तितकासा होत नाही.

या शाळेची खरी ताकद माझ्या मते दुसरीकडे आहे. पहिली तुकडी 2001 मध्ये बाहेर पडली आणि त्याच वर्षी शाळेच्या पाठीशी असलेल्या संस्थेने ‘कॉलेजबाउंड इनिशिएटिव्ह’ नावाचा उपक्रम सुरू केला. महाविद्यालयीन प्रवेशाचे मार्गदर्शन करणारी पूर्णवेळ व्यक्ती शाळेतच नेमायची, हे त्याचे सूत्र. ज्या घरात आईवडिलांनी स्वतः अमेरिकेत शिक्षण घेतलेले नाही, त्या घराला याचा अर्थ नेमका कळेल. शिष्यवृत्तीसाठी भरायचा सरकारी अर्ज, उत्पन्नाची कागदपत्रे, निबंधांचे मसुदे, शिफारसपत्रे, आणि शेवटी हाती आलेल्या आर्थिक साहाय्याच्या पत्रांमध्ये अनुदान किती आणि कर्ज किती हे ओळखणे, या सगळ्यात हुशार मुलीसुद्धा मागे पडतात, कारण विचारायला कुणी नसते. मोठ्या शाळांमध्ये एका समुपदेशकाकडे शेकडो मुले असतात. इथे हे काम ज्यांचे मुख्य काम आहे, अशी माणसे शाळेत रोज भेटतात. हाच उपक्रम पुढे शहरातील मुलामुलींच्या एकत्र शाळांमध्येही नेण्यात आला, ही मला सर्वांत आश्वासक वाटणारी बाब आहे. जे चांगले आहे ते मुलींच्या शाळेपुरते अडवून ठेवले गेले नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. शाळा लहान आहे. स्टायव्हेसंटसारख्या तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळेत जितके प्रगत विषय, जितक्या भाषा आणि जितके संघ असतात, तितके येथे असणे शक्य नाही. एखादी मुलगी आठवीतच बारावीचे गणित सोडवत असेल, तर तिला पुढे काय शिकायला मिळेल हे पालकांनी आधीच विचारून घ्यावे. शिवाय खासगी देणगीदारांच्या पाठबळावर सार्वजनिक शाळेला जादा सोयी मिळतात. त्यांचे साहाय्य आटले तर काय, ही काळजी मला रास्त वाटते.

आपल्या समाजातील एक अडचण येथे मांडतेच. ‘ईस्ट हार्लेम’ म्हटले की अनेकांच्या भुवया उंचावतात, आणि ‘तिथे आपल्यातल्या किती मुली आहेत?’ असे विचारले जाते. 1848 मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा ‘कुणाच्या मुलींबरोबर आमच्या मुली बसणार?’ हा प्रश्न आपल्या समाजाला किती छळत होता, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पहिल्या पिढीतील शिकणाऱ्या मुलींच्या जिद्दीत आपल्या मुलीने सात वर्षे वाढावे, यात तिचे हितच आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

ज्या मुलीला मोठ्या गर्दीत हरवल्यासारखे होते, जिला बोलायचे असते पण संधी मिळेपर्यंत तास संपतो, तिच्यासाठी ही शाळा यादीत वर ठेवावी. प्रयोगांच्या आणि स्पर्धांच्या अफाट पर्यायांची भूक असलेल्या मुलीने आधी इतर शाळा पाहाव्यात. क्वीन्समध्ये राहणाऱ्यांना हार्लेमचा प्रवास जड वाटत असेल, तर याच परिवारातील शाळा जमैका आणि ॲस्टोरिया येथेही आहेत. सहावीसाठीचा अर्ज मुलगी पाचवीत असतानाच शहराच्या नेहमीच्या प्रवेशप्रक्रियेतून करायचा असतो. माहिती-सत्राला मुलीला सोबत न्यावे आणि तेथे दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: बारावीतील किती मुलींमागे एक महाविद्यालयीन मार्गदर्शक आहे, आणि प्रवेश मिळालेल्यांपैकी किती मुलींनी पदवी पूर्ण केली.